अंडकोषात गाठ हाताला लागली, आता काय करायचं?

सर्जरीच्या ओपीडीत ब्रदर म्हणून माझी बरीच वर्षं गेली, सगळी खान्देशातच. बाकीची दुखणी माणूस दारातूनच सांगत येतो. हे एक दुखणं मात्र शेवटी निघतं. आधी बीपी तपासून होतो, मग गुडघा दुखतो असं सांगून होतं, डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले की मग खालच्या आवाजात, "आणखी एक होतं भाऊ..." आणि किती दिवस झाले विचारलं की ठरलेलं उत्तर: "दुखत नही ना भो, मंग काय दखाडानं?"

या जागेच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. अचानक दुखलं तर काही तासांत धावायचं असतं, आणि अजिबात न दुखणारी कडक गाठ असेल तरीही थांबायचं नसतं. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे आधीच सांगून ठेवतो. पण कोणती साधी आणि कोणती नाही, हे घरी बसून ठरवता येत नाही. घरी ठरवता येतं ते एवढंच, की किती घाईने निघायचं. हा लेख त्यासाठी आहे.

पुढे 'गोळी' म्हणेन ती म्हणजे वृषण, आणि 'पिशवी' म्हणजे ती ज्यात असते ती कातडीची थैली. लोक असंच बोलतात, मीही तसंच लिहितो.

आधी घड्याळ बघा

पहिला प्रश्न: दुखणं एकदम सुरू झालं का? झोपेतून उठवणारी किंवा खेळताखेळता आलेली जबर कळ, एकाच बाजूला, सोबत मळमळ किंवा उलटी, ती गोळी वर ओढली गेल्यासारखी किंवा आडवी झालेली, हात लावू देत नाही. असं असेल तर पुढचं नंतर वाचा, आधी निघा. गोळी ज्या नाळेला लटकलेली असते तिला पीळ बसला की रक्तपुरवठा बंद होतो. याला टॉर्शन म्हणतात. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर गोळी बहुतेक वेळा वाचते. चोवीस तास उलटून गेले तर बहुधा काढूनच टाकावी लागते. १२ ते १८ या वयात हे जास्त होतं, पण तिशीतल्या माणसालाही होतं आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळालाही.

सहा तास ऐकायला पुष्कळ वाटतात. धडगावच्या वरच्या एखाद्या पाड्यातून गाडी मिळवून शहाद्याला उतरायचं आणि तिथून नंदुरबार गाठायचं, यातच निम्मे तास जातात. त्यामुळे 'सकाळी बघू' हा पर्याय नाही. १०८ ला फोन करा आणि फोनवर लाजू नका. "अंडकोषात अचानक जोरात दुखतंय, पीळ बसल्याचा संशय आहे," असं स्पष्ट सांगा. जिथे रात्री सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर असतात तिथेच जा. जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेऊन कळ दाबायची आणि मग बघायचं, यात वेळ जातो. निघाल्यापासून पेशंटला काही खायला-प्यायला देऊ नका, चहासुद्धा नाही, कारण पोचल्या पोचल्या ऑपरेशन लागू शकतं. लक्षणं स्पष्ट असली तर सर्जन सोनोग्राफीसाठीही थांबत नाहीत. ऑपरेशनमध्ये दुसऱ्या बाजूची गोळीही टाके घालून जागेवर पक्की करतात. चांगल्या गोळीला हात का लावला म्हणून नातेवाईक वाद घालतात, पण ज्याला एका बाजूला पीळ बसतो त्याला दुसऱ्या बाजूलाही बसू शकतो.

आश्रमशाळेचे अधीक्षक, वसतिगृहाचे रेक्टर आणि घरातल्या आया यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. पोरगा खरं ठिकाण सांगत नाही. तो "पोटात दुखतं" म्हणतो. कधी लाजून, आणि कधी खरंच, कारण ही कळ ओटीपोटात जाणवते. रात्री पोट धरून ओकाऱ्या काढणाऱ्या मुलाला ॲसिडिटीची गोळी देऊन झोपवायच्या आधी, कुणीतरी पुरुष माणसाने बाजूला घेऊन विचारावं, "खाली दुखतंय का?" आणि अशी कळ येऊन अर्ध्या तासात आपोआप गेली असेल, तीही दोन-तीनदा, तरी त्याच आठवड्यात सर्जनला दाखवावं. पीळ बसून सुटत असतो, एखाद दिवशी सुटत नाही.

घड्याळाशी बांधलेली आणखी तीन दुखणी आहेत. जांघेतून पिशवीत उतरणारा फुगवटा, जो खोकलं की येतो आणि आडवं झालं की जातो, तो अंतर्गळ, म्हणजे हर्निया. केळीचे घड वाहणारे, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारे यांच्यात आम्ही हा खूप बघतो. तो एक दिवस कडक झाला, दुखायला लागला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, तर आतडं अडकलं आहे. दाबून आत ढकलू नका, त्याच रात्री निघा. दुसरं, शुगरचा पेशंट आणि पिशवीची कातडी लाल, मग काळपट, घाण वास, ताप. हा कातडी सडवत वेगाने पसरणारा संसर्ग आहे, यात जीव जातो, इथेही सकाळची वाट नाही. तिसरं, बैलाची लाथ, मोटारसायकलची टाकी, क्रिकेटचा चेंडू लागून सूज वाढतच चालली किंवा पिशवी काळीनिळी पडली, तर त्याच दिवशी दाखवा. आत गोळी फुटलेली असेल तर ती शिवता येते, पण लवकर.

दिवसांत दाखवायचं ते

दुखणं हळूहळू, एक-दोन दिवसांत वाढत गेलं, ताप आला, लघवीला जळजळ आहे, पिशवी गरम लागते, हे बहुतेक इन्फेक्शन असतं. तरुण वयात ते बऱ्याचदा शरीरसंबंधातून आलेलं असतं, पस्तिशीच्या पुढे लघवीच्या किंवा प्रोस्टेटच्या त्रासातून. डॉक्टर कुणाशी संबंध आला असं विचारतील, तेव्हा खरं सांगा. त्या उत्तरावर औषध ठरतं, आणि जोडीदारालाही उपचार घ्यावा लागतो, नाहीतर दुखणं दोघांत फिरत राहतं. कोर्स पूर्ण करा. दुखणं तीन दिवसांत कमी व्हायला लागतं, घट्टपणा मात्र काही आठवडे राहतो. महिना-दीड महिना उलटूनही गाठ तशीच असेल तर पुन्हा दाखवा, सोनोग्राफी करा. इन्फेक्शन समजून औषध चाललंय आणि आत दुसरंच काही आहे, असं होऊ शकतं.

गालफुगी आली आणि चार-आठ दिवसांनी गोळी सुजली तर तो त्याच विषाणूचा प्रताप. हा त्रास वयात आलेल्या मुलांना आणि मोठ्यांना होतो. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आराम आणि आधार देणारी चड्डी लागते. पण ते गालफुगीचंच आहे की पीळ, हे डॉक्टरला ठरवू द्या.

हात लावून बघायचं कसं

आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा पिशवी सैल होऊन लोंबते, आणि धुळ्याच्या जानेवारीत तीच आक्रसून वर जाते. दोन्ही ठीकच आहे, गोळीला थंड ठेवायचं काम ती पिशवी करते. म्हणून कधी उन्हात, कधी थंडीत चाचपून 'मोठी झाली', 'लहान झाली' असं ठरवू नका. गरम पाण्याने आंघोळ झाली की कातडी सैल असते, तेव्हा बघा.

उभं राहा. आधी नुसतं बघा: एक बाजू फुगली आहे का? डावी गोळी उजवीपेक्षा थोडी खाली असणं, एक दुसरीपेक्षा किंचित मोठी असणं हे नेहमीचंच. मग एक गोळी दोन्ही हातांत घ्या, अंगठे वर आणि बोटं खाली, आणि हलक्या हाताने फिरवत सगळीकडून चाचपा. मोठ्या माणसाची गोळी साधारण चार-पाच सेंटिमीटर लांब, लंबगोल, गुळगुळीत आणि सगळीकडे सारखी घट्ट लागते. तिच्या मागच्या बाजूला वरून खाली जाणारी मऊ, थोडी ओबडधोबड पट्टी लागेल. ती गाठ नाही. शुक्राणू साठवणारी ती नळी आहे, एपिडिडायमिस. कितीतरी तरुण हिलाच गाठ समजून घाबरेघुबरे होऊन येतात. दुसऱ्या बाजूलाही तसंच लागतं का बघा. दोन्हीकडे सारखं असेल तर ते बहुधा तुमच्या शरीराची ठेवण आहे.

दर महिन्याला हे करायलाच हवं का? अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये, काही त्रास नसलेल्या पुरुषांनी अशी नियमित तपासणी करू नये असंच म्हटलं. कॅन्सर दुर्मिळ, उशिरा सापडला तरी बहुधा बरा होणारा, आणि तपासणीने नाहक धास्ती जास्त, असा त्यांचा विचार. पलीकडे दर महिन्याचा आग्रह धरणारे डॉक्टरही आहेत. माझं मत असं की आपली नेहमीची ठेवण एकदा नीट माहीत करून घ्यावी आणि मधूनमधून आंघोळीला हात फिरवावा. रोज चाचपत बसणारी माणसंही आमच्याकडे येतात. चाचपून चाचपूनच त्यांना दुखायला लागलेलं असतं.

गाठ नेमकी कुठे आहे

आता मुख्य भाग. गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती कशाला चिकटली आहे हे महत्त्वाचं.

चिमटीत पिशवीची नुसती कातडी धरली आणि गाठ कातडीबरोबर वर आली, तर ती कातडीतली आहे. पांढुरक्या, दाण्यासारख्या, कधी पाच-सहा एकत्र. यांचा गोळीशी संबंध नसतो. फोडायला जाऊ नका, पिकतात. जांघेत लागलेली दुखरी गाठ म्हणजे बऱ्याचदा अवधान. शेतात अनवाणी फिरताना पायाला काटा रुतून पिकला की ते येतं. जखम बरी झाली की उतरतं. उतरलं नाही, महिनाभर राहिलं, तर दाखवा.

गोळीच्या वर किंवा मागे, तिच्यापासून वेगळी, गुळगुळीत, पाण्याने भरलेली बारीक गोटी लागली तर ती बहुधा एपिडिडायमिसची सिस्ट. निरुपद्रवी. मोठी होऊन त्रास दिला तरच काढतात. नसबंदी झालेल्यांना टाक्याच्या जागी बारीक कडक दाणा लागतो, तोही बहुतेक साधाच.

सगळी एक बाजूच फुगली, आत पाणी असल्यासारखी, दुखत नाही, गोळी वेगळी हाताला लागत नाही, हे हायड्रोसील. आपल्याकडे 'अंडवृद्धी' किंवा 'पाणी भरलं' म्हणतात. अंधारात मागून टॉर्च लावली तर लालसर उजेड आरपार दिसतो. ही टॉर्चची युक्ती सगळ्यांना माहीत झाली आहे आणि त्यातून एक तोटा झाला: उजेड दिसला की लोक निश्चिंत होतात. पाण्याने वेढलेली गोळी हाताला लागत नाही, आणि तिच्यात काही असेल तर तेही लागत नाही. गोळीच्या गाठीमुळेही भोवती पाणी जमू शकतं. त्यामुळे मोठ्या माणसाला नव्याने पाणी भरलं तर एक सोनोग्राफी हवीच. हत्तीरोग हेही पाणी भरण्याचं एक कारण आहे, पूर्व विदर्भात तो बराच आहे, तिकडे कामाला राहिला असाल तर डॉक्टरांना सांगा. त्याचं रक्त रात्री घ्यावं लागतं, कारण ते जंतू रात्रीच रक्तात फिरतात.

गांडुळं भरलेल्या पिशवीसारखं लागतं असं डॉक्टर ज्याचं वर्णन करतात तो व्हेरिकोसील, म्हणजे फुगलेल्या शिरा. बहुधा डावीकडे. उभं राहिलं की जास्त, आडवं झालं की कमी. दर शंभर पुरुषांत पंधरा जणांना असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. मूल होत नसेल, दुखत असेल किंवा पोरवयात ती गोळी लहान राहत असेल तर उपचाराचा विचार होतो. पण फक्त उजवीकडे आला, चाळिशीनंतर अचानक आला, किंवा आडवं होऊनही उतरत नाही, तर किडनीचीही सोनोग्राफी करून घेतात. पोटातली गाठ शीर दाबत असू शकते.

टीबी फुप्फुसातच होतो असं नाही. गोळीमागची ती पट्टी हळूहळू कडक, गाठाळ होत गेली, फारसं दुखत नाही, सोबत संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटलेलं, किंवा पिशवीला न भरणारं छिद्र पडून पाणी येतंय, तर टीबीची तपासणी होते. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

आणि ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं ती गाठ: खुद्द गोळीतच, गोळीपासून वेगळी न होणारी, कडक, बहुतेक वेळा न दुखणारी. कधी वेगळी गाठ अशी लागतच नाही, पूर्ण गोळीच दगडी आणि जड झालेली असते, किंवा ओटीपोटात जडपणा वाटतो. हिला आठवड्याच्या आत दाखवायचं. कापूस वेचून झाल्यावर नाही, बहिणीचं लग्न उरकल्यावर नाही. असा कॅन्सर साधारण १५ ते ४० या वयात जास्त दिसतो, म्हणजे ज्या वयात कुणाला कॅन्सर मनातही येत नाही त्या वयात. लहानपणी गोळी खाली उतरलेली नव्हती, वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला होता, किंवा स्वतःच्याच दुसऱ्या गोळीला झाला होता, तर शक्यता वाढते. छातीला बायकांसारखी सूज, कमरेत न जाणारं दुखणं, मानेत गाठ, सततचा खोकला, यातलं काही सोबत असेल तर तेही सांगा.

मार लागल्यामुळे गाठ झाली, असं जवळपास प्रत्येक जण सांगतो. माराने कॅन्सर होत नाही. मार लागला म्हणून माणूस पहिल्यांदा तिथे हात लावून बघतो, आणि आधीपासूनची गाठ तेव्हा सापडते. घट्ट चड्डी, मोटारसायकल, हस्तमैथुन, नसबंदी यांनीही होत नाही.

जे करायचं नाही

मिठाचा शेक, एरंडाचं पान बांधणं, लेप, हे दुखण्यावर उतारा नाही, वेळेचा खर्च आहे. एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर नंबर रंगवलेल्या 'गुप्तरोग तज्ज्ञां'कडे जाऊ नका. ते गाठ बघतच नाहीत, 'कमजोरी'ची पुडी देतात. मेडिकलवरून सूज उतरायच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाणं हा सगळ्यात जास्त चालणारा आणि सगळ्यात नडणारा प्रकार. आणि कुणी सुई टाकून पाणी काढून देतो म्हणाला तर नाही म्हणा. हायड्रोसीलचं पाणी पुन्हा भरतं, वर जंतू आत जातात. गोळीत गाठ असेल आणि तिला पिशवीतून सुई टोचली तर आजार नव्या वाटेने पसरायचा धोका असतो.

कुठे जायचं, काय बोलायचं

तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करता येते. गोळीतली कडक गाठ असेल तर मात्र सरळ जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जरीच्या ओपीडीला जा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. खाजगीत जायचं तर सर्जन किंवा युरॉलॉजिस्ट. सरकारी ओपीडी सकाळची असते, लवकर पोचा.

केसपेपरच्या खिडकीवर "काय होतंय?" असं मोठ्याने विचारतात, आणि मागच्या रांगेत आपल्याच गावचे नाना उभे असतात. इथूनच माघारी फिरलेली माणसं आहेत. तिथे सगळं सांगायची गरज नाही. "सर्जरी विभाग, गाठ आहे," एवढं पुरतं. आत डॉक्टरांसमोर मात्र चार गोष्टी एका दमात सांगा: कोणत्या बाजूला, कधीपासून, दुखतं का, वाढतंय का. "उजव्या गोळीत कडक गाठ आहे, तीन आठवड्यांपासून, दुखत नाही, थोडी वाढलीय." बोलायला जमत नसेल तर हेच कागदावर लिहून पुढे करा, आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. लहानपणी गोळीचं ऑपरेशन झालं असेल तर तेही. गुडघा, बीपी नंतर.

डॉक्टर चड्डी काढायला सांगतील, आधी उभं करून आणि मग झोपवून तपासतील, खोकायला लावतील, टॉर्च लावतील. पोटावर, मानेत, छातीवरही हात फिरवतील. तपासणाऱ्या डॉक्टर बाई असतील तर बरेच जण "नंतर येतो" म्हणून निघून जातात. पडदा लावायला सांगा, हवं तर ब्रदरला थांबायला सांगा, पण तपासून घ्या. शरीर आपोआप ताठरलं तरी त्यांना ते नवं नसतं.

मग सोनोग्राफी, डॉपलर लावून, म्हणजे रक्तपुरवठाही दिसतो. दुखत नाही, लघवी दाबून ठेवावी लागत नाही. पोटाचीही सांगितली असेल तर उपाशी जायचं का ते आधी विचारा. सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर सगळ्या गरोदर बायका आणि त्यांच्यात फाइल छातीशी धरून बसलेला एकटा पुरुष, हे दृश्य मी नेहमी बघतो. सकाळचा पहिला नंबर मागून घ्या.

रिपोर्टमध्ये 'एक्स्ट्राटेस्टिक्युलर' म्हणजे गाठ गोळीच्या बाहेर, ती बहुधा साधी. 'इंट्राटेस्टिक्युलर' आणि 'सॉलिड' असे दोन शब्द एकत्र आले तर त्याच दिवशी सर्जनकडे परत जा. 'मायक्रोलिथियासिस' लिहिलं असेल तर ते चुन्याचे बारीक कण असतात, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. रिपोर्ट मोबाइलवर शोधत बसू नका, रात्रीची झोप जाते आणि हाती काही लागत नाही.

लहान मुलांचं वेगळं

तान्ह्या मुलाच्या पिशवीत पाणी असेल तर ते बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप जिरतं. फुगवटा रडताना येत-जात असेल तर तो हर्निया, त्याला थांबायचं नाही. आणि आंघोळ घालताना आजीने बघावं की दोन्ही गोळ्या पिशवीत आहेत ना. सहा महिन्यांपर्यंत एक उतरली नाही तर सर्जनला दाखवायचं, ऑपरेशन साधारण दीड वर्षाच्या आत होणं चांगलं. 'मोठा झाला की उतरेल' म्हणत दहावीपर्यंत आणलेली मुलं आम्ही बघतो. लवकर ऑपरेशन झालं तर पुढची मूल होण्याची क्षमता टिकते आणि कॅन्सरचा धोका घटतो, पूर्ण जात नाही. त्या मुलाला मोठेपणी हे माहीत असलं पाहिजे.

कॅन्सरचा संशय आला तर

पुढच्या गोष्टी एका आठवड्यात घडतात, म्हणून आधीच माहीत असाव्यात. रक्तात तीन तपासण्या होतात: एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. ऑपरेशनच्या आधी रक्त गेलंच पाहिजे, कारण नंतरचे आकडे त्याच्याशी ताडून बघतात. छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन होतो. तुकडा काढून तपासत नाहीत, तर जांघेत चीर देऊन पूर्ण गोळीच काढतात, आणि तपासणी तिची होते. हे ऐकून नातेवाईक बिथरतात. "आधी तपासा, मग काढा" हे बाकी ठिकाणी बरोबर असेल, इथे नाही.

उरलेली एक गोळी चांगली असेल तर संसार, दाढी-मिशी, मूल होणं, सगळं चालतं. लग्न व्हायचं असेल किंवा मूल हवं असेल तर मात्र ऑपरेशनच्या, निदान केमोच्या आधी शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. गडबडीत हे विचारायचं राहून जातं, तेव्हा पेशंटनेच विषय काढावा. रिकामी जागा नको वाटत असेल तर सिलिकॉनची गोळीही बसवता येते.

हा बऱ्या होणाऱ्या कॅन्सरपैकी एक आहे. जिथे उपचार वेळेवर आणि पूर्ण होतात तिथे शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास बरे होतात. पसरलेला असला तरी सिसप्लॅटिन या औषधावर आधारलेल्या केमोने बरेच जण बरे होतात. २०११ चा विश्वचषक गाजवणाऱ्या युवराज सिंगला दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत जी गाठ झाली ती याच जातीची होती, सेमिनोमा. केमो घेऊन तो २०१२ मध्येच पुन्हा मैदानात उतरला. पेशंटला हे सांगितलं की तो पहिल्यांदा मान वर करतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. भरती होण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा, बिल झाल्यावर नाही. पुढच्या उपचाराला आपले लोक परळच्या टाटाला जातात, नंदुरबार-नवापूरकडचे सुरतेला. राज्याबाहेर निघण्याआधी तिथे तुमचं कार्ड चालेल का हे फोन करून विचारून घ्या. काढलेल्या गोळीचा रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक (तिचे काचेवरचे आणि मेणातले नमुने), सीटीची सीडी आणि ऑपरेशनआधीचे रक्ताचे आकडे सोबत न्या. हे नसेल तर तिथून परत पाठवतात.

कधी कधी ऑपरेशननंतर केमो लागतच नाही, नुसती देखरेख ठेवतात: ठरलेल्या तारखांना रक्त आणि सीटी, काही वर्षं. इथे माणसं सुटतात. अंगात काही त्रास नाही, पेरणी आली, भाडं परवडत नाही, एक तारीख चुकते आणि मग पुढच्या तारखेला जायची लाज वाटते. तारीख चुकली तर कुणी रागावणार नाही, सरळ पुढच्या ओपीडीला या. आणि तारखा तुमच्याबरोबर बायकोच्या किंवा भावाच्या मोबाइलमध्येही टाकून ठेवा.